घरात स्मृतिभ्रंशाचा रुग्ण असेल तर: मराठवाड्यातील कुटुंबांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भारतात साठीच्या पुढील सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे जवळपास ८८ लाख जणांना, स्मृतिभ्रंश अर्थात डिमेन्शिया आहे, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात मांडला गेला. शहरांपेक्षा खेड्यांत आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत हे प्रमाण अधिक आढळले. तरीही आपल्याकडे बहुतेक घरांत या आजाराचे नाव कळायला दोन-तीन वर्षे जातात आणि तोवर रुग्णाशी भांडणे, त्याला रागावणे, सुनेवर आळ येणे असे सगळे होऊन गेलेले असते. खालील उत्तरे ही मुख्यतः घरात काळजी घेणाऱ्यांसाठी आहेत. डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा ती घेऊ शकत नाहीत.

वय झाले की विसर पडतोच. मग हा आजार आहे हे कसे ओळखावे?

चष्मा कुठे ठेवला हे न आठवणे, किंवा एखाद्या पाहुण्याचे नाव ऐनवेळी न सुचणे आणि तासाभराने आपोआप आठवणे, हे वयोमानाने होते. आजारात मात्र रोजची कामे मोडायला लागतात. जिने सारी हयात चुलीपुढे काढली, तिला भाकरीच्या पिठात पाणी किती घालावे हे सुचेनासे होते. जनावरांच्या बाजारात तोंडी हिशोबाने सौदे करणाऱ्या माणसाला शंभराची मोड मोजता येत नाही. मळ्याच्या पायाखालच्या वाटेवर चुकायला होते. सकाळी घडलेली गोष्ट दुपारी पुसली जाते आणि आठवण करून दिली तरी ओळख पटत नाही. काही रुग्णांत विसर नंतर येतो आणि स्वभाव आधी बदलतो. शांत माणूस चारचौघांत अर्वाच्य बोलू लागतो, काटकसरी माणूस पैसे उधळतो, मायाळू माणसाला कोणाच्या दुःखाचे काही वाटेनासे होते.

‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून हे सगळे सोडून देऊ नये. म्हातारपणाचा हा नेहमीचा भाग नाही, तो मेंदूचा आजार आहे. यातला सर्वाधिक आढळणारा प्रकार अल्झायमरचा; जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये त्याचे पहिले वर्णन केले. मेंदूच्या रक्तवाहिन्या तुंबल्याने होणारा प्रकारही मोठा आहे, आणि रक्तदाब व मधुमेहाकडे दुर्लक्ष झालेल्या घरांत तो हमखास विचारात घ्यावा लागतो.

कोणाला दाखवावे आणि कोणत्या तपासण्या होतात?

मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ, यांपैकी जो जवळ असेल त्याच्यापासून सुरुवात करावी. छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय तसेच नांदेड, लातूर आणि अंबाजोगाई येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. त्याआधी फोनवर बोलायचे असेल तर टेली मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

जाताना रुग्णाच्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्याव्यात, जुनी कागदपत्रे न्यावीत आणि रोज सोबत राहणाऱ्या व्यक्तीनेच जावे. पुण्याहून दोन दिवसांसाठी आलेला मुलगा बोलतो आणि वर्षभर सांभाळणारी सून मागे बाकावर गप्प बसते, अशा भेटीत डॉक्टरांच्या हाती फारसे काही लागत नाही. रुग्णही अनोळखी माणसापुढे काही वेळ अगदी व्यवस्थित बोलतो, त्यामुळे घरी काय घडते याचे चार मुद्दे कागदावर लिहून नेणे उपयोगी ठरते.

तपासण्यांबाबत आग्रह धरावा, कारण विसराळूपणाची काही कारणे उपचाराने सुधारतात. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचा आजार, रक्तातील सोडियम कमी होणे आणि नैराश्य ही त्यांतली नेहमीची. दीड-दोन महिन्यांपूर्वी म्हातारा माणूस ओट्यावरून किंवा मोटारसायकलवरून पडला असेल, तेव्हा लागले नाही म्हणून सोडून दिले असेल, तर मेंदूच्या आवरणाखाली हळूहळू रक्त साचून गोंधळ वाढू शकतो. सीटी स्कॅनमध्ये ते दिसते आणि शस्त्रक्रियेने ते काढता येते. झोपेच्या, सर्दीच्या, लघवीच्या आणि कंपवाताच्या काही गोळ्यांनीही विसर वाढतो. त्यासाठीच गोळ्यांची पिशवी न्यायची.

औषधाने हा आजार बरा होतो का?

अल्झायमर पूर्ण बरा करणारे औषध आज नाही. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मीन, गॅलँटामीन आणि मेमँटीन या औषधांनी काही रुग्णांची लक्षणे काही काळ सावरतात. डोनेपेझिलने भूक मंदावणे, जुलाब होणे किंवा नाडी मंद होणे असे त्रास होऊ शकतात, म्हणून चक्कर आल्यास डॉक्टरांना लगेच सांगावे. लेकॅनेमॅबसारखी नवी इंजेक्शने अगदी सुरुवातीच्या अवस्थेतील निवडक रुग्णांसाठी आहेत आणि तीही आजाराचा वेग फक्त थोडा कमी करतात. ‘स्मरणशक्ती परत आणतो’ असे सांगून हजारोंची पुडकी विकणाऱ्यांना पैसे देऊ नयेत. ते पैसे रात्रीच्या सोबतीला माणूस ठेवण्यासाठी वापरले तर घराला खरा आधार मिळतो.

गावात लोक म्हणतात की ‘बाहेरचे’ आहे. देवऋषाकडे न्यावे का?

देवदर्शन, आरती, हरिपाठ, भजन हे रुग्णाला चांगलेच असते. बोलणे तुटलेली माणसेही अभंग सुरू झाला की शब्द न चुकता म्हणतात, कारण लहानपणी ओठांवर बसलेले मेंदूत सर्वांत शेवटपर्यंत टिकते. श्रद्धेला इथे कोणाचाच विरोध नाही. मात्र धुरी देणे, मारहाण करणे, उपाशी ठेवणे किंवा चालू औषध बंद करायला लावणे यांना ठाम नकार द्यावा. असे अघोरी प्रकार महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरतात. थकलेल्या, आधीच घाबरलेल्या माणसाला मार बसतो तेव्हा त्याला कारणही समजत नाही, फक्त भीती उरते.

एकच गोष्ट दिवसभर विचारतात, घरात बसून ‘मला घरी जायचंय’ म्हणतात. काय उत्तर द्यावे?

ज्या प्रश्नाचे उत्तर पाच मिनिटांपूर्वी दिले, तो प्रश्न रुग्णासाठी पहिलाच असतो. ‘आत्ताच तर सांगितलं’ हे वाक्य त्याच्या कामाचे नाही. उत्तर तेच, तितक्याच शांतपणे द्यावे आणि मग हाताला काही काम द्यावे: लसूण सोलणे, शेंगा फोडणे, वाती वळणे, धान्य निवडणे. निवडलेले गहू पुन्हा मिसळून उद्या निवडायला दिले तरी चालतात. त्यात फसवणूक नाही, कारण त्या माणसाला गव्हाची गरज नसून आपण उपयोगी आहोत या जाणिवेची गरज असते.

‘घरी जायचंय’ म्हणणारी बाई अनेकदा माहेराविषयी बोलत असते. चाळीस वर्षांपूर्वी वारलेल्या आईची वाट पाहत असते. ‘तुझी आई केव्हाच गेली’ असे सांगितले तर ती बातमी तिला दरवेळी नव्याने कळते आणि दरवेळी ती तितकीच रडते. त्याऐवजी ‘आई कशी होती?’, ‘माहेरी विहीर होती का वाड्यात?’ असे विचारावे. बोलता बोलता ओढ शमते. न शमली तर चपला घालून गल्लीतून एक फेरी मारून परत यावे. दारात ‘आलो बघा घरी’ म्हटले की बहुतेक वेळा पटते.

ज्यांचे बालपण निजामी राजवटीत गेले, अशी काही वृद्ध माणसे मधूनच उर्दू-दखनी बोलू लागतात किंवा रझाकारांच्या वेळच्या भीतीत परत जातात. अशा वेळी इतिहास दुरुस्त करत बसू नये. ‘आपण सगळे इथे आहोत, दार लावलंय’ एवढेच सांगावे.

सासूबाई माझ्यावर चोरीचा आळ घेतात. हे कसे सहन करावे?

या प्रश्नाइतके अश्रू दुसऱ्या कोणत्याच प्रश्नात नाहीत. वस्तू जपून ठेवायची म्हणून रुग्ण ती लपवतो, लपवल्याचे विसरतो आणि मग जो माणूस सतत जवळ असतो त्याच्यावर संशय येतो. म्हणजे जी सून सर्वांत जास्त करते, तिच्याच वाट्याला आळ येतो.

औसा तालुक्यातील एका घरात आजींच्या पाटल्या सापडेनात. आठवडाभर घर ढवळून निघाले, आजी शेजारणींना सांगत सुटल्या, धाकटी सून माहेरी निघून गेली. पाटल्या शेवटी ज्वारीच्या कणगीत तळाशी, जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधलेल्या मिळाल्या. त्यानंतर त्या घराने खरे दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवले, आजींना बेन्टेक्सच्या पाटल्या आणि सुट्ट्या नाण्यांचा एक बटवा दिला, आणि कणगी, उशीचा अभ्रा, देव्हाऱ्याचा खण, पिठाचा डबा या त्यांच्या नेहमीच्या जागा सगळ्यांनी लक्षात ठेवल्या. आळ आला की सून म्हणते, ‘चला आत्या, मिळून शोधू.’ आपण घेतले नाही हे पटवून देण्याच्या भानगडीत ती पडत नाही.

आळ खोटा आहे हे घरातल्या इतरांनी, विशेषतः मुलाने, सुनेला उघडपणे आणि सगळ्यांसमोर सांगितले पाहिजे. मुलगा गप्प राहिला तर आजाराने केलेली जखम तो मोठी करतो. शेजाऱ्यांनाही आजाराचे नाव सांगून ठेवावे. लपवून ठेवलेल्या आजाराभोवती गावात गोष्टी तयार होतात.

संध्याकाळी आणि रात्री त्रास वाढतो, झोपतच नाहीत. असे का होते?

दिवस मावळताना अनेक रुग्णांची अस्वस्थता वाढते. मेंदूतील दिवस-रात्रीचे घड्याळ बिघडलेले असते, थकवा आलेला असतो आणि अंधुक उजेडात खुंटीवरचा सदरा माणसासारखा दिसतो. त्यामुळे दिवे लवकर लावावेत, सावल्या पडणाऱ्या वस्तू हलवाव्यात आणि गरज पडल्यास आरसा झाकावा. दुपारची झोप अर्ध्या-पाऊण तासावर आणावी, सकाळी कोवळ्या उन्हात बसवावे, चारनंतर चहा टाळावा. रात्री उठण्याचे कारण कित्येकदा साधे असते: लघवी लागलेली असते, बद्धकोष्ठतेने पोट दुखत असते, गुडघा ठणकत असतो. ते सांगता येत नाही म्हणून माणूस फेऱ्या मारतो.

कधी कारण फार जुने असते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर परिसर हादरला तेव्हा ज्यांनी आपली माणसे ढिगाऱ्यातून काढली, त्यांच्यापैकी काही जण आता या आजाराच्या वयात आहेत. असा रुग्ण पहाटे उठून सगळ्यांना ओढत बाहेर नेऊ लागला, तर तो वेडेपणा नाही. त्याच्या मेंदूसाठी ती पहाट आत्ता चालू आहे. त्याच्यासोबत अंगणात यावे, घरातील प्रत्येकाला त्याला दाखवावे, पाणी द्यावे आणि मग आत आणावे. दुष्काळात उभे आयुष्य काढलेली आजी घरातले प्रत्येक भांडे पाण्याने भरून ठेवत असेल तर तेही तसेच समजून घ्यावे. पाणी सांडून पाय घसरणार नाही एवढे बघावे.

घरातून निघून जातात. काय काळजी घ्यावी?

दाराला कडी नेहमीपेक्षा वर किंवा अगदी खाली लावावी, कारण नजरेच्या टप्प्याबाहेरची कडी रुग्णाच्या लक्षात येत नाही. दाराला घुंगरू किंवा छोटी घंटा बांधावी. रुग्णाला एकटे कोंडून सगळ्यांनी शेतावर जाऊ नये, आग लागली तर त्याला बाहेर पडता येणार नाही. नाव, गाव आणि दोन फोन क्रमांक लिहिलेली कापडी पट्टी सदऱ्याच्या किंवा ब्लाउजच्या आतून शिवून टाकावी. खिशातली चिठ्ठी हरवते, शिवलेली पट्टी टिकते. अलीकडचा फोटो मोबाइलमध्ये असू द्यावा. किराणा दुकानदार, रिक्षावाले, बसस्थानकावरचे वाहतूक नियंत्रक आणि पोलीस पाटील यांना आधीच सांगून ठेवावे.

तुळजापूरचे नवरात्र, पैठणची नाथषष्ठी, माळेगावची जत्रा अशा गर्दीत नेणे टाळणेच बरे. दर्शन घ्यायचेच असेल तर गर्दी नसलेल्या दिवशी न्यावे आणि एका माणसाने फक्त हात धरण्याचे काम करावे.

माणूस हरवला तर चोवीस तास थांबण्याचा कोणताही नियम नाही. लगेच ११२ वर फोन करावा आणि ठाण्यात तक्रार द्यावी. शोध घेताना आधी विहिरी, ओढे आणि शेततळी पाहावीत, नंतर जुने घर, जुने शेत, माहेरची वाट.

घरात आणि शेतात सर्वांत मोठे धोके कोणते?

आपल्याकडे पहिला धोका फवारणीच्या औषधांचा आहे. ती कुलपात ठेवावीत आणि पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत तर कधीही ओतून ठेवू नयेत. दुसरा धोका बिनकठड्याच्या विहिरीचा आणि मोटारीच्या स्टार्टरचा. गॅसचा रेग्युलेटर काम झाले की बंद करावा, चूल पेटती ठेवून उठू नये. माळवदावर जाणारा जिना अडवावा. न्हाणीत धरायला मजबूत दांडी आणि पायाखाली खडबडीत फरशी असावी. मोटारसायकलची चावी हाती लागू देऊ नये. वाद टाळायचा असेल तर ‘गाडी दुरुस्तीला टाकली आहे’ हे कारण महिनोन्महिने चालते. रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या रुग्णाच्या ताब्यात ठेवू नयेत, कारण घेतल्याचे विसरून माणूस दुसऱ्यांदा घेतो आणि साखर धोकादायक पातळीवर उतरते.

आंघोळीला आणि कपडे बदलायला फार विरोध करतात. काय करावे?

रुग्णाच्या दृष्टीने कोणीतरी अनोळखी माणूस आपले कपडे काढत असते, असे धरून चालावे. सुनेने सासऱ्याला किंवा मुलाने आईला आंघोळ घालणे दोघांनाही जड जाते, म्हणून शक्य असेल तिथे पुरुषाला पुरुषाने आणि बाईला बाईने मदत करावी. पाणी आधी हातावर घालावे, नंतर अंगावर, आणि डोक्यावर सर्वांत शेवटी. अंगावर पंचा किंवा साडी राहू द्यावी. रोज आंघोळ झालीच पाहिजे असे नाही. एक दिवसाआड ओल्या फडक्याने अंग पुसले तरी पुरते. नऊवारी नेसणे जमेनासे झाले की शिवलेली नऊवारी आणि धोतराऐवजी इलॅस्टिकचा लेंगा वापरावा. दर दोन-अडीच तासांनी शौचालयात नेऊन बसवले तर कपडे खराब होणे पुष्कळ कमी होते.

जेवत नाहीत, पाणी पीत नाहीत. उन्हाळ्यात तर भीती वाटते.

भीती रास्त आहे. पारा ४२-४३ अंशांवर जातो तेव्हा तहान लागल्याचे न कळणारा माणूस दोन दिवसांत कोरडा पडतो. ‘पाणी देऊ का?’ असे विचारू नये, कारण ‘नको’ हेच उत्तर येणार. तासा-तासाला पेला हातात द्यावा आणि सोबत आपणही प्यावे. ताक, ज्वारीची आंबील, सरबत, कलिंगडाच्या फोडी हे सगळे पाणीच आहे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर पाण्याचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

ताटात चार पदार्थ वाढले की रुग्ण गोंधळतो. एका वेळी एकच द्यावे, आणि दात नसतील तर भाकरी वरणात किंवा दुधात कुस्करून द्यावी. चुरमुरे, शेंगदाणे, फुटाणे घशात अडकतात. काही आज्यांना रोजच एकादशी वाटते आणि त्या ताटाला हात लावत नाहीत. ‘आज एकादशी नाही’ हा वाद जिंकता येत नाही. भगर आणि शेंगदाण्याची आमटी वाढली तर त्या पोटभर जेवतात.

परवापर्यंत बरे होते, दोन दिवसांत अचानक बिघडले. आजार एकदम वाढला का?

स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांनी वाढतो. तास-दोन तासांत किंवा दोन दिवसांत माणूस बडबडू लागला, गुंगीत गेला, ओळखेनासा झाला, तर दुसरे काहीतरी घडले आहे असे समजून त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. लघवीचा जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, पाण्याची कमतरता, लघवी तुंबणे, बद्धकोष्ठता, साखर उतरणे, नवीन गोळी, डोक्याला मार ही नेहमीची कारणे आहेत आणि बहुतेकांवर उपचार आहे. तोंड वाकडे झाले, एक हात लुळा पडला किंवा बोलणे अडखळले तर तो पक्षाघात असू शकतो. १०८ वर फोन करून तासाभराचाही उशीर करू नये.

शांत राहावेत म्हणून गोळी सुरू करावी का?

हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन, क्वेटियापिन यांसारख्या औषधांनी स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांत पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा २००५ पासून अधिकृतपणे दिला जातो. रुग्ण स्वतःला किंवा इतरांना इजा करत असेल आणि बाकीचे उपाय थकले असतील, तेव्हाच डॉक्टर ती कमी मात्रेत, थोड्या काळासाठी देतात. मेडिकलमधून परस्पर आणू नयेत. ज्या रुग्णाला नसलेली माणसे किंवा लहान मुले स्पष्ट दिसतात, हातपाय ताठरतात, त्याला हॅलोपेरिडॉल फार जड जाऊ शकते, म्हणून ही लक्षणे डॉक्टरांना आवर्जून सांगावीत.

जमीन, बँक, पेन्शन यांचे काय करावे?

जे करायचे ते निदान होताच, रुग्णाला समजत असतानाच करावे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ नुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याची मती ढळली की ते मुखत्यारपत्र संपते. म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हाच ते निरुपयोगी होते, आणि ही गोष्ट बहुतेक घरांना फार उशिरा कळते. मृत्युपत्र करताना माणूस शुद्धीत, समजत्या मनाचा असावा लागतो. त्या दिवशीचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडले तर पुढचे तंटे टळतात. आजार बळावल्यानंतर मालमत्तेचे व्यवहार करायचे झाल्यास पालक नेमून घेण्यासाठी न्यायालयात जावे लागते. आपल्या भागातील अनेक कुटुंबे त्यासाठी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे जातात. मोफत कायदेशीर सल्ल्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, त्याचा फोन १५१०० आहे.

समज गेलेल्या आईचा अंगठा कागदावर उठवून वाटणी करून घेणे हे बेकायदा तर आहेच, पण नंतर भाऊ-बहिणींत कायमचे वैर पेरणारेही आहे. आणि सांभाळण्याच्या अटीवर जमीन बक्षीस देऊन मुलांनी सांभाळले नाही, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली तो व्यवहार रद्द करून मागता येतो.

निवृत्तिवेतनधारकाचा हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये द्यावा लागतो. रुग्णाला रांगेत उभे करण्याची गरज नाही, पोस्टमन घरी येऊन अंगठ्याने किंवा चेहऱ्याच्या ओळखीने डिजिटल दाखला करून देतो. ७० वर्षांवरील प्रत्येकाला आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंत दाखल होऊन घेतलेल्या उपचारांचे संरक्षण मिळते.

आम्ही तिघे भाऊ आईला महिना-महिना सांभाळतो. हे योग्य आहे का?

निरोगी आईच्या बाबतीत ही ज्याची त्याची सोय आहे. या आजारात मात्र ती आईला महागात पडते. शौचालय कोणत्या बाजूला, दिव्याचे बटण कुठे, सकाळी चहा कोण देते, एवढ्याच खुणांवर रुग्ण उभा असतो. दर महिन्याला घर बदलले की त्या खुणा पुसल्या जातात आणि प्रत्येक बदलानंतर गोंधळ वाढतो. आईने एकाच घरी राहावे आणि पाळी माणसांनी बदलावी: एका भावाने खर्च उचलावा, दुसऱ्याने आठवड्यातल्या दोन रात्री तिथे झोपायला यावे, मुलींनी दिवाळी आणि उन्हाळ्यात येऊन वहिनीला सुटी द्यावी. जिच्या घरी आई आहे तिला ‘तुम्हाला जमीन जास्त मिळेल’ असे बोलू नये.

बीड, धाराशिव, जालना या जिल्ह्यांतील ऊसतोड कुटुंबांचा प्रश्न याहून कठीण आहे. दिवाळीनंतर जोडपे कारखान्यावर जाते ते मार्च-एप्रिललाच परतते, आणि मागे राहतात म्हातारी आणि नातवंडे. दहा वर्षांच्या मुलीवर अशा आजीची जबाबदारी टाकणे दोघींसाठीही धोक्याचे आहे. आजीला कोपीवर, म्हणजे कारखान्याकडच्या तात्पुरत्या झोपडीत, नेणेही तसेच, कारण तिथे उघडी चूल, ट्रॅक्टर आणि अनोळखी रान असते. उचल म्हणजे हंगामाची आगाऊ रक्कम घेण्यापूर्वीच, भाद्रपदात, हा निर्णय घरात बसून घ्यावा: कोण मागे थांबणार आणि त्या माणसाचा बुडणारा रोज उचलीतून कसा भरून काढायचा. हा उपाय अपुरा आहे हे मान्यच करावे लागते. तालुक्याच्या गावी दिवसभर वृद्धांना सांभाळणारी केंद्रे ही आपल्या भागाची खरी गरज आहे, आणि ग्रामसभेत ती मागणी लिहून नोंदवली पाहिजे.

मी थकले आहे, कधी कधी त्यांच्यावर हातही उगारावासा वाटतो.

असे वाटणारी माणसे वाईट नसतात, ती एकटी पडलेली असतात. हात उगारावासा वाटला त्या क्षणी रुग्ण सुरक्षित आहे हे पाहून पाच मिनिटे खोलीबाहेर जावे. त्यानंतर घरातल्या कर्त्या माणसाला स्पष्ट सांगावे की आठवड्यातला एक पूर्ण दिवस आणि काही रात्रींची अखंड झोप हवी आहे. हे उपकार म्हणून मागायचे नाही. झोप न येणे, सतत रडू येणे, जगणे नकोसे वाटणे असे असेल तर स्वतःसाठी डॉक्टरांना भेटावे किंवा १४४१६ वर बोलावे. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या १४५६७ या एल्डरलाइनवरही मार्गदर्शन मिळते.

शेवटच्या टप्प्यात काय करावे?

चालणे, बोलणे थांबते आणि गिळणे अवघड होते. भरवताना पाठ सरळ ठेवावी, घास लहान आणि मऊ असावा, गिळल्याशिवाय पुढचा देऊ नये, जेवणानंतर अर्धा तास आडवे करू नये. दर दोन तासांनी कूस बदलावी आणि कंबर, टाच, खांदा रोज पाहावा. कातडी लाल दिसली की जखमेची सुरुवात आहे. नाकातून नळी घातल्याने या टप्प्यावर आयुष्य वाढते किंवा न्यूमोनिया टळतो असे आढळलेले नाही. म्हणून नळी, अतिदक्षता विभाग, व्हेंटिलेटर यांबाबतचा निर्णय घाईच्या रात्री न घेता आधी सर्व भावंडांनी डॉक्टरांसोबत बसून घ्यावा. कर्ज काढून शेवटचे आठ दिवस यंत्रांवर ठेवले म्हणजेच सेवा केली, असे मुळीच नाही.

हा आजार आम्हा मुलांनाही होईल का?

थेट आनुवंशिक प्रकार दुर्मीळ आहेत आणि ते बहुधा साठीच्या आतच दिसू लागतात. बाकीच्यांत आई-वडिलांना असल्यास धोका काहीसा वाढतो, एवढेच. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालानुसार १४ धोक्याची कारणे आवरली तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येतील. त्यांत ऐकू कमी येणे, नजर अधू होणे, कमी शिक्षण, रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, धूम्रपान, दारू, डोक्याला मार आणि एकटेपणा ही कारणे आहेत. मोतीबिंदू पिकायची वाट पाहू नये, बहिरेपणाला यंत्र घ्यावे, मोटारसायकलवर हेल्मेट घालावे. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर गावच्या उपकेंद्रात मोफत तपासली जाते.